पहिल्या भागाचा राजा

कुरुळीच्या अर्जुनरावांनी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी बी.ए.ला नाव घातलं, त्याला कारण एक फ्लेक्स. त्यांच्या वाढदिवसाला मुलाच्या, म्हणजे कुलदीपच्या मित्रांनी चौकात भलामोठा फ्लेक्स लावला. छपाईवाल्याने दुसऱ्याच कुणाचा तरी मजकूर तसाच ठेवून फक्त फोटो बदलला होता, त्यामुळे अर्जुनरावांच्या नावापुढे 'बी.ए.' असं झळकलं. कुलदीप खजील होऊन म्हणाला, "आबा, उतरवून दुरुस्त करून आणतो."

अर्जुनरावांनी मान वर करून फ्लेक्स नीट वाचला. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे. त्याच्यापरीस मीच दुरुस्त होतो."

बारावी त्यांची झाली होती, कधीकाळी. पुढे शेतजमीन कंपन्यांत गेली, राहिलेल्या तुकड्यावर बंगला आणि मागे भाड्याच्या चोवीस खोल्या उभ्या राहिल्या, आणि वडील गेल्यापासून तीस वर्षं त्या सगळ्याचा कारभार अर्जुनरावच पाहत आले. खोल्यांमध्ये चाकणच्या कंपन्यांतली पोरं राहायची, कुणी परभणीचं, कुणी बुलढाण्याचं. घरात बायको गोजाबाई, कुलदीप आणि सून पूनम. शेजारच्या बंगल्यात धाकटा भाऊ भैरू. या सगळ्यांवर आपला शब्द चालतो, अशी अर्जुनरावांची ठाम समजूत होती. आता ही हकीकत सांगताना ते स्वतःच 'समजूत' या शब्दावर थांबतात आणि मिशीत हसतात.

विषय त्यांनी इतिहास घेतला. इतिहास म्हणजे आपलाच, त्यात वाचायचं ते काय, असा साधा विचार. कासारवाडीच्या अभ्यासकेंद्रावर पुस्तकं आणायला गेले तेव्हा कळलं, की पेपर युरोपचा आहे. खिडकीवरच्या बाईंनी एक पुस्तक हातात दिलं आणि म्हणाल्या, "काका, हा भाग पहिला. भाग दुसरा पलीकडच्या खिडकीवर. तिथे रांग लावा."

पलीकडे तीस-चाळीस पोरं उभी होती. अर्जुनरावांना रांगेची सवय नव्हती. गावात आपण गेलो की रांग आपोआप बाजूला सरकते, असं त्यांना वाटे. (खरं तर ते मध्येच घुसत, आणि लोक वयाकडे बघून गप्प बसत. हेही आता तेच सांगतात.) इथे एक मिनिट वाट पाहिली. कुणी सरकेना. तेव्हा 'बघू नंतर' म्हणून ते पहिलाच भाग घेऊन घरी आले.

पहिल्या भागाचं नाव होतं 'अनियंत्रित राजेशाहीचा उदय'. ऱ्हास दुसऱ्या भागात होता.

पोर्चमधल्या झोपाळ्यावर बसून अर्जुनराव वाचू लागले आणि तिसऱ्या दिवशी फ्रान्सच्या चौदाव्या लुईपाशी पोचले. हा पाच वर्षांचा असताना गादीवर बसला. सरदारांनी बंड केलं, पॅरिसची माणसं एकदा थेट राजवाड्यात शिरली आणि पोरगा अंथरुणात झोपेचं सोंग घेऊन पडून राहिला. ते तो जन्मभर विसरला नाही. मोठा झाल्यावर त्याने जाहीर केलं, की आजपासून मला कुणी प्रधान नको, माझा प्रधान मीच. मग शहराबाहेर व्हर्सायला प्रचंड राजवाडा बांधला आणि बंडखोर सरदारांना तिथेच आणून ठेवलं. आपापल्या मुलखात बसून कट करण्याऐवजी ही मोठमोठी माणसं राजाला सकाळी सदरा कुणी द्यायचा आणि निजताना मेणबत्ती कुणी धरायची, यावरून झुरायला लागली.

अर्जुनरावांनी मांडीवर थाप मारली. "काय डोकं हाय गड्याचं!"

गोजाबाई शेंगा फोडत होत्या. त्यांना हे सगळं वाचून दाखवल्यावर त्या म्हणाल्या, "एवढ्या माणसांम्होरं कापडं घालायचा? घराला भिंती नव्हत्या व्हय त्याच्या?"

"तुला न्हाई कळायचं. ह्याला राजकारन म्हंत्यात."

"मला एवढं कळतं, की त्याच्या बायकूला लई सोसावं लागलं आसंल."

पुस्तकात पुढे 'राज्य म्हणजे मी' हे लुईचं प्रसिद्ध वाक्य दिलं होतं आणि खाली बारीक अक्षरात टीप होती, की हे वाक्य तो खरोखर बोलल्याचा पुरावा नाही. अर्जुनरावांना हळहळ वाटली. एवढं चांगलं वाक्य वाया गेलं. तो बोलला नसेल, तर कुणीतरी बोलायला हवं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुलदीपला बोलावलं. खोल्यांची देखरेख, नळाच्या तक्रारी, नव्या भाडेकरूंची कागदपत्रं हे सगळं कुलदीप आपला टेम्पोचा धंदा सांभाळून बघायचा. अर्जुनराव घसा साफ करून म्हणाले, "आजपास्नं परधान कुनी न्हाई. समदं मला इचारून व्हनार."

लुईच्या दरबारात या घोषणेने म्हणे सगळे हबकले होते. कुलदीप म्हणाला, "खरंच आबा? लई उपकार झाले," आणि किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवून तो आत जाऊन झोपला.

मग रोज सकाळी सातला पोर्चमध्ये चहा सुरू झाला. येणं सक्तीचं. घरचे, भैरूच्या घरचे आणि प्रत्येक खोलीतून एक जण. फक्त पूनम यायची नाही. थेरगावची मुलगी, चाकणच्या कंपनीत क्वालिटीला होती आणि तिची बस पावणेसातला फाट्यावर यायची. "मामा, तुमच्या दरबाराला मी आले तर आमच्या साहेबाचा दरबार चुकेल," असं ती पहिल्याच दिवशी सांगून गेली. अर्जुनरावांनी तिला माफी दिली. मागितली नव्हती, तरी दिली.

आता मेणबत्तीचं काय करायचं? निजताना अर्जुनराव स्वतःच दिवा बंद करत. विचार करता करता त्यांचं लक्ष मोटारीकडे गेलं. बोअरची मोटार चालू केली की मोठी टाकी भरायची आणि तिथून चोवीस खोल्यांना पाणी जायचं. बटनाची पेटी कुलूपबंद. अर्जुनरावांनी ठरवलं, की रोज एकाला मोटारीचं बटन दाबण्याचा मान द्यायचा. सकाळी नाव पुकारायचं आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवायची.

हे हास्यास्पद आहे, हे त्यांना आता कळतं. पण तेव्हा गंमत अशी झाली, की ते चाललं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून पोरं वेळेच्या आधी येऊ लागली. परभणीचा निरंजन, पत्र्याच्या प्रेसशॉपमध्ये रात्रीची तिसरी पाळी करून तसाच यायचा, डोळे लाल, आणि अर्जुनरावांच्या मिशीची तारीफ करायचा. त्याला लागोपाठ दोनदा मान मिळाला तेव्हा बुलढाण्याची पोरं रुसली. कंपनीत या पोरांना कुणी नावानेही हाक मारत नव्हतं, गेटवर नुसता कार्डावरचा नंबर. इथं चारचौघांत नाव पुकारलं जायचं आणि ते हसत हसत का होईना, छाती काढून मोटारीकडे जायचे.

सर्वांत मोठा विजय म्हणजे भैरू. सहा वर्षं दोन्ही भावांत अबोला होता. सामायिक भिंत कुणी रंगवायची एवढ्यावरून सुरू झालेला. अर्जुनरावांनी निरोप धाडला, की पेपरची पहिली घडी भैरूने मोडायची आणि ठळक बातम्या सगळ्यांना वाचून दाखवायच्या. भैरू आला. मान वर न करता पेपर वाचला, चहा प्याला आणि गेला. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून आला.

अर्जुनरावांना वाटलं, आपल्याला जमलं. तीनशे वर्षांपूर्वीची युक्ती कुरुळीत लागू पडली. एका सकाळी उभं राहून त्यांनी ते वाया गेलेलं वाक्यही म्हणून टाकलं, "हे समदं घर म्हंजी मी!"

निरंजनने हात वर केला. "काका, मग सतरा नंबरचा नळ गळायलाय, ते तुमालाच सांगायचं का?"

इथवर ठीक होतं. माणूस थांबला असता तर ठीकच राहिलं असतं. पण पहिल्या भागाच्या शेवटच्या प्रकरणात व्हर्सायच्या कारंज्यांचं वर्णन होतं. शेकडो कारंजी, आणि सगळी एकदम उडवायला पाणी पुरायचं नाही. म्हणून राजा बागेत ज्या वाटेने जाई तिथली तेवढी कारंजी सुरू करत. माणसं शिट्टी वाजवून एकमेकांना इशारा देत आणि राजा पुढे गेला की मागचं कारंजं बंद.

अर्जुनरावांनी हायवेला सिमेंटच्या कुंड्या विकणाऱ्याकडून तीन मजली कारंजं आणलं. त्याला चार मासे होते. तिघांच्या तोंडातून पाणी यायचं, चौथ्याच्या शेपटीतून. विकणारा म्हणाला होता, "खाली टाकी करून तेच पाणी फिरवा, वाया जाणार नाही." त्यावर अर्जुनरावांचं उत्तर होतं, "उष्टं पानी उडवायचं व्हय?" तेव्हा कारंज्याला थेट मोठ्या टाकीतून पाणी जोडलं आणि उडालेलं पाणी अंगणातून गटारात. भैरूला शिट्टी दिली. अर्जुनराव पोर्चमध्ये आले की शिट्टी, शिट्टी वाजली की मोटारीपाशी उभं पोरगं टाकीची झडप उघडायचं आणि पाणी उडायचं.

पूनम एकदा कामावरून येताना थांबून बघत राहिली. "मामा, त्या माशाला काय झालंय?"

"त्यो विरोधी पक्षातला हाय," अर्जुनराव म्हणाले. विनोद त्यांना करता यायचा. फक्त तो कुणावर झाला, हे कळायला वेळ लागायचा.

एप्रिलमध्ये बोअरचं पाणी खाली गेलं. खोल्यांना दोन वेळचं पाणी एक वेळ झालं, मग अर्धा तास. गोजाबाई म्हणाल्या, "पोरं रात्रभर लोखंडात राबून येत्यात, त्यांना अंघुळीला पानी न्हाई आन् तुमचं मासं पवत्यात."

"चार दिस कळ काढा. भैरूच्या मिनलला बघाया पाव्हनं यायचं हायती. त्यांच्याम्होरं कारंजं बंद कसं ठेवायचं?"

पाहुणे रविवारी सकाळी आठला आले. थेरगावची चांगली माणसं, मुलगा, त्याचे आईवडील आणि एक मामा. पोर्चमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. अर्जुनराव फेटा बांधून बाहेर आले, भैरूने शिट्टी फुंकली आणि तिन्ही मजल्यांवरून पाणी उसळलं. मुलाच्या आई कौतुकाने म्हणाल्या, "अगंबाई, छान आहे की!"

नेमकी तेवढ्यात तिसरी पाळी सुटून पोरं आली. रविवार असूनही ओव्हरटाइम होता. ती मागे खोल्यांकडे गेली, नळ उघडले, नळांनी नुसता सूं असा आवाज काढला. दोन मिनिटांनी निरंजन पुढच्या अंगणात आला. बनियन, खांद्यावर टॉवेल, हातात बादली.

"काका, नळाला पाणी येईना गेलंय."

"पाव्हनं हायेत. मागनं बघू."

"मागनं म्हंजे कवा? अंगाला समदं ऑइल लागलंय."

तो उद्धटपणे बोलला नव्हता. उलट खालच्या आवाजात, पाहुण्यांकडे बघून ओशाळत बोलला होता. अर्जुनरावांनी राजासारखी नजर दुसरीकडे वळवली. आणि वळवली तर समोर गोजाबाई. पोह्यांचा ट्रे टीपॉयवर ठेवून त्या सरळ निरंजनकडे गेल्या, त्याच्या हातातली बादली घेतली आणि शेपटीतून पाणी येणाऱ्या माशाखाली लावली.

"हितनं भर. ह्याला धार चांगली हाय."

मग काय, मागची सगळी पोरं आली. बादल्या, हंडे, एकाजवळ तर कुकरचं भांडं. कुणी आरडाओरडा केला नाही. शिस्तीत रांग लागली. शेवटचे दोघे तिथेच उभे राहून दात घासत होते. पाहुण्यांपैकी मामा हळूच म्हणाले, "ही गावाची सार्वजनिक सोय दिसतेय. चांगलं काम केलंय तुम्ही."

अर्जुनरावांचा चेहरा तापला. "भैरू! कारंजं बंद कर!"

भैरूने शिट्टी गळ्यातून काढून खिशात ठेवली. त्या दिवशी मोटारीचा मान त्याचा होता, किल्ली त्याच्याकडेच होती. तो उठला, मोटारीकडे गेला आणि बंद करण्याऐवजी कारंजं जास्त जोरात उडेल अशी टाकीची झडप पूर्ण उघडून आला.

"म्या बंद कर म्हनलं!"

"दादा, पोरगी माजी हाय, पाव्हनं माजं हायेत," भैरू शांतपणे म्हणाला. "त्यांनी बघू दे, ह्या घरात पान्याला कुनाला न्हाई म्हनत न्हाईत."

अर्जुनराव पुन्हा ओरडले. काय ओरडले ते आज त्यांनाही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की कुणी उलट बोललं नाही. कुणी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, कारण सगळे कामात होते. पाहुण्यांचा मुलगा उठून एका पोराला हंडा उचलायला मदत करत होता आणि मिनल ते दारातून बघत होती. पुस्तकातल्या राजांना निदान बंड तरी मिळायचं. अर्जुनराव फेट्यासकट वरच्या खोलीत गेले आणि पलंगावर डोळे मिटून पडून राहिले, जणू झोप लागली आहे.

लग्न जमलं, हे त्यांना संध्याकाळी कळलं.

दोन दिवस चहा झाला नाही. तिसऱ्या दिवशी पूनम सुट्टी काढून घरी होती. तिने विचारलं, "मामा, परीक्षा दहा दिवसांवर आलीय. दुसरा भाग वाचला का?"

"आनलाच न्हाई."

पूनमने त्यांना गाडीवर बसवून कासारवाडीला नेलं. त्या खिडकीपुढे पुन्हा रांग होती. या वेळी अर्जुनराव तीत उभे राहिले, एक तास दहा मिनिटं. परत आल्यावर रात्रीच्या जेवणापर्यंत त्यांनी पुस्तक सोडलं नाही. इंग्लंडच्या राजाने संसदेला जुमानलं नाही, त्याचं डोकं गेलं. पुढचा एक राजा देश सोडून पळाला. आणि चौदावा लुई मरताना पाच वर्षांच्या वारसाला म्हणाला होता म्हणे, की मला बांधकामाचा फार सोस होता, त्यात तू माझं अनुकरण करू नकोस.

"हे पयल्याच भागात छापाया पायजे हुतं," अर्जुनराव म्हणाले.

"छापलं असतं तरी तुम्ही तेवढं पान सोडलं असतं," पूनम म्हणाली.

त्यांना शेवटी एक वाट सापडली. जर्मनीतल्या प्रशियाचा फ्रेडरिक नावाचा राजा स्वतःला राज्याचा पहिला सेवक म्हणवायचा. हे त्यांना फार आवडलं. "पूनम, मी बी जाहीर करतो. मी ह्या घराचा पयला सेवक."

"आणि मोटारीची किल्ली?"

"ती माज्याकडं. सेवकाकडंच आसती की किल्ली."

पूनम इतकी हसली की गोजाबाई बाहेर आल्या. "मामा, सेवक म्हणवून घ्यायचं आणि किल्ली खिशात ठेवायची, हे त्या फ्रेडरिकला चाललं असेल. त्याच्या घरी आमच्या सासूबाई नव्हत्या."

अर्जुनरावांनी बायकोकडे पाहिलं. एकेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी या बाईला 'तुला न्हाई कळायचं' हे किती वेळा म्हटलं असेल, ते त्यांच्या मनात आलं. त्यांनी खिशातून किल्ली काढून तिच्यापुढे धरली. गोजाबाईंनी ती घेतली नाही. "मला कशाला? मला हाय ती कामं थोडी हायती का? समद्यांनी मिळून ठरवा."

तसं ठरलं. पाच जणांची कमिटी झाली. भैरू, गोजाबाई, पूनम, खोल्यांच्या वतीने निरंजन, आणि पाचवे अर्जुनराव. मत प्रत्येकाला एक. पहिल्याच बैठकीत कारंज्याचा पाइप काढून खोल्यांकडे वळवायचं चार विरुद्ध एक मतांनी मंजूर झालं. विरुद्धचा एक कोण, ते सांगायला नको. सकाळचा चहाही ऐच्छिक झाला.

दुसऱ्या दिवशी अर्जुनराव एकटेच पोर्चमध्ये बसले होते. सात वाजले, सव्वासात झाले. कुणी येत नाही म्हटल्यावर ते उठायला लागले, तोच भैरू लेंग्यावरच, दाढी न करता आला आणि समोरच्या खुर्चीत बसला.

"आता यायची सक्ती न्हाई," अर्जुनराव म्हणाले.

"म्हनून तर आलो," भैरू म्हणाला आणि कपात चहा ओतून घेतला.

परीक्षेत प्रश्न आला, 'अनियंत्रित राजेशाहीच्या ऱ्हासाची कारणे सविस्तर लिहा.' आजूबाजूला विशीतली पोरं. पर्यवेक्षकांनी दोनदा विचारलं, "काका, पुरवणी?" आणि काकांनी दोन्ही वेळा घेतली. खर्चिक युद्धं, राजवाड्याचा डामडौल, नवे विचार, मध्यमवर्ग, सगळं ओळीने लिहिलं. पाचव्या मुद्द्याला त्यांनी 'राजास घरच्या माणसांविषयी असलेले अज्ञान' असं लिहिलं. हे पुस्तकात नव्हतं. खोडावं की ठेवावं या विचारात घंटा झाली आणि ते तसंच राहिलं. ऐंशीपैकी सेहेचाळीस मिळाले.

मेमध्ये कमिटीने ठरवलं, की मोठी टाकी धुवायची आणि पाळी नावांच्या आद्याक्षराप्रमाणे लावायची, म्हणजे कुणावर अन्याय नको. सूचना निरंजनची. सगळ्यांना पटली. अर्जुनरावांनाही पटली, हातही वर केला, आणि 'अ' पहिला येतो हे हात खाली आणताना लक्षात आलं.

रविवारी ते शिडीने टाकीत उतरले. अर्धी चड्डी, डोक्याला गोजाबाईंचा जुना स्कार्फ. तळाला पोटरीइतका चिखल होता. खराट्याने घासताना प्रत्येक आवाज घुमून त्यांच्याच अंगावर यायचा. वर टाकीच्या तोंडाशी भैरू बॅटरी घेऊन बसला होता.

"दादा, डाव्या हाताचा कोपरा ऱ्हायला."

"दिसतोय मला."

"दिसतोय तर घास की."

अर्जुनरावांनी वर बघितलं, कंबर सरळ केली, खराटा नीट धरला आणि कोपऱ्याकडे वळले.